चित्त्याकडून काळविटाची शिकार: छकडा, टोपी, पळी आणि नेमकी पद्धत

माळरान

माणसाळवलेल्या चित्त्याकडून काळवीट धरायची जी पद्धत आपल्याकडे शेकडो वर्षं चालली, तिच्याबद्दल हा धागा. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसऱ्याने लिहिलेल्या मानसोल्लासात मृगयेच्या प्रकारांमध्ये तिचा उल्लेख येतो आणि कोल्हापूर, भावनगर, बडोदा या संस्थानांत ती विसाव्या शतकातही जिवंत होती. याबद्दल बोलताना बहुतेक जण 'राजे चित्ते पाळायचे' एवढ्यावर थांबतात. प्रत्यक्ष काम कसं चालायचं, हे एका जागी मांडावं म्हणून सुरुवात करतो.

चित्ता खाटेवर बसवून छकड्यातून नेत. डोळ्यांवर टोपी, गळ्यात पट्टा, कमरेला दुसरा पट्टा आणि दोन्हींच्या दोऱ्या खाटेला. शेजारी चित्तेवान, म्हणजे चित्त्याला सांभाळणारा माणूस. माळावर कळप दिसला की छकडा सरळ कळपावर न्यायचा नाही. तिरका, वळसे घेत, प्रत्येक फेरीला थोडा आत. अंतर शंभर-दोनशे मीटरवर आलं की कमरेची दोरी सोडायची, मग टोपी काढायची, चित्त्याचं तोंड कळपाकडे करायचं, त्याची नजर बसली की गळ्याची दोरी सोडायची. चित्ता छकड्याच्या ज्या बाजूने कळपाला दिसणार नाही तिकडून उतरतो, दबा धरत पुढे जातो आणि मग धाव घेतो. धाव दोन-चारशे मीटरची. लागला तर लागला, नाही तर खाली बसतो.

हा झाला सांगाडा. मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत: छकडाच का, धरलेलं हरीण चित्त्याच्या तोंडून सोडवायचं कसं, आणि सगळीकडे 'मोठाच चित्ता पकडावा लागतो' असं का म्हटलंय.

कासरा

छकड्याचं उत्तर सोपं आहे. काळवीट घोडा बघून पळतं, पायी माणूस बघून पळतं, बैलगाडी बघून पळत नाही. माळाच्या कडेने रोज गाड्या जाताना ते बघत असतं. गाडीची करकर, बैलांचा वास, गाडीवानाची हाक हे सगळं त्याच्या सवयीचं.

पण यात एक मेख आहे. गाडी थांबली की कळप माना वर करतो. म्हणून गाडी थांबवायचीच नाही, चालत्या गाडीतून चित्ता उतरवायचा. गाडीवानाचं खरं कौशल्य इथे लागतं: वेग बदलायचा नाही, आवाज बदलायचा नाही, कळपाकडे एकटक बघायचंसुद्धा नाही. गाडी जाते तशी पुढे निघून गेली पाहिजे.

बैलही तयार करावे लागत. चित्त्याचा वास नाकात गेला की कोरा बैल जू झुगारतो. आधी बरेच दिवस बैलांना आणि चित्त्याला वाऱ्याच्या एका बाजूला जवळजवळ बांधायचं, मग रिकाम्या छकड्यात चित्ता बसवून गावाभोवती फिरवायचं, त्यानंतर माळावर.

आणि जमीन बघायची. पावसाळ्यात काळ्या रानात चाक रुततं, उन्हाळ्यात त्याच रानाला भेगा पडतात आणि पूर्ण धावेत पाय भेगेत गेला तर चित्ता कायमचा अधू. मुरमाड माळ, पिकं निघालेली, गवत गुडघ्याखाली, हिवाळ्यातली सकाळ. याबाहेर काढलेला चित्ता वाया घालवल्यासारखा.

मोडीवाचक

अकबराच्या कारभाराची नोंद असलेल्या अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत या कामाचे तीन प्रकार नावानिशी दिले आहेत. उपरघटी: हरीण दिसलं त्या जागेच्या उजव्या अंगाने चित्ता सोडायचा. रिघनी: चित्त्याला लांबून हरीण दाखवून गळपट्टा काढायचा आणि तो या आडोशावरून त्या आडोशाला जात स्वतः गाठतो. मुहारी: वारा आपल्या अंगावर घेऊन चित्ता दबा धरून बसवायचा आणि गाडी मुद्दाम उलट दिशेला हाकायची. हरणं गाडीकडे बघत गोंधळतात, चित्ता दुसरीकडून येतो. कासरा यांनी म्हटलेली 'गाडी पुढे निघून जाणं' ही गोष्ट तिसऱ्या प्रकाराच्या अगदी जवळ जाते.

खुराकही तिथे आहे. चित्त्यांच्या आठ प्रती होत्या. पहिल्या प्रतीला रोज ५ शेर मांस, दुसरीला साडेचार, तिसरीला ४, असं उतरत आठवीला पावणेतीन शेर. अकबरी शेर सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वरच्या चित्त्याला सुमारे ३.१ किलो आणि खालच्याला १.७ किलो. रविवारी जनावर कापायचं नाही असा नियम असल्याने शनिवारी दुप्पट वाटा दिला जाई.

रानपशू

खुराकाचे आकडे पटण्यासारखे आहेत. चित्त्याचं वजन साधारण ३५ ते ६० किलो. काम करणाऱ्या जनावराला दिवसाला दीड ते तीन किलो मांस म्हणजे उपासमार नाही आणि सुस्ती येईल इतकंही नाही.

चूक होते ती शिकारीच्या आदल्या दिवशी. पोट भरलेलं असेल तर टोपी काढल्यावर चित्ता कळपाकडे बघतो आणि पुन्हा खाटेवर आडवा होतो. दोन-तीन दिवस उपाशी ठेवला तर धाव घेतो, पण शेवटच्या शंभर मीटरला पाय उचलत नाहीत. आदल्या दिवशीचा वाटा कमी करून सकाळी रिकाम्या पोटी नेणं, एवढाच मधला मार्ग.

धावेबद्दल थोडं. बोट्सवानात मोकळ्या चित्त्यांना गळपट्टे लावून मोजलेला सर्वाधिक वेग ताशी ९३ किमी होता आणि सरासरी धाव १७३ मीटरची. वेगापेक्षाही त्यांच्या वळण्याला आणि एकदम वेग कमी करण्याला जास्त महत्त्व दिसलं. काळवीट ताशी ८० पर्यंत जातं आणि झोके घेत पळतं. सरळ रेषेत चित्ता त्याला सहज गाठेल, खरी परीक्षा वळणावर होते. पायाची नखं पूर्ण आत जात नाहीत, ती धावपटूच्या बुटाच्या खिळ्यांसारखी माती धरतात. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला वर एक वाकडं, धारदार नख असतं. पळत्या हरणाच्या मागच्या भागाला किंवा पायाला ते अडकवून चित्ता त्याचा तोल घालवतो. हरीण पडलं की नरडं.

जुन्या चित्तेवानांनी या नखाची काळजी घेतली असणार, कारण ते तुटलं की चित्ता पोहोचतो पण पाडू शकत नाही.

माळरान

@रानपशू, नरडं धरल्यावर पुढे काय? ओढून सोडवता येत नसणारच.

रानपशू

ओढायचं नाहीच. नरडं आवळून गुदमरवायला चित्त्याला काही मिनिटं लागतात आणि त्या वेळात तो स्वतः प्रचंड धापा टाकत असतो. ओढलं तर जबडा आणखी आवळतो किंवा दचकून सोडतो आणि हरीण उठून शिंगं मारतं. काळविटाची शिंगं पाऊण मीटरपर्यंत वाढतात आणि टोकं सुईसारखी. पडलेल्या काळविटाने मान झटकली तरी चित्त्याचं पोट फाटू शकतं.

दप्तरखाना

इथे लाकडी पळी येते. माझ्या मते या सगळ्या कामातली ही सर्वांत हुशार वस्तू आहे.

लांब दांड्याची, खोलगट वाटीची पळी. चित्तेवान धावत पोहोचतो, मागून नाही, चित्त्याला दिसेल असा बाजूने, नेहमीच्या आवाजात बोलत. आधी चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी किंवा हात. मग हरणाचा गळा कापायचा, वाहतं रक्त पळीत धरायचं आणि पळी चित्त्याच्या नाकापाशी न्यायची. दात नरड्यात असताना नाकाला गरम रक्ताचा वास लागतो, जीभ बाहेर येते आणि जबडा आपोआप ढिला पडतो. तो रक्त चाटत असतानाच गळपट्ट्यात दोरी अडकवायची, टोपी बांधायची. मग मागचा एक पाय तोडून त्याला द्यायचा. हरीण तोपर्यंत त्याच्या नजरेआड.

पळी त्या क्षणी पहिल्यांदा पुढे केली तर काहीच होणार नाही. पकडल्याच्या पहिल्या आठवड्यापासून त्याला मांसाचा तुकडा त्याच पळीतून भरवलेला असतो. महिनोन् महिने पळी म्हणजे खाणं. म्हणून शिकारीवर तोंडातलं सोडून तो पळीकडे वळतो. पळी बदलली, धातूची आणली किंवा नवख्या माणसाच्या हातात दिली की घोळ झालाच.

टोपीचंही तसंच. कातड्याची, डोळ्यांवर खळगा असलेली, म्हणजे पापणीला घासत नाही. हनुवटीखाली एका ओढीत सुटणारी गाठ. टोपी काढताना गाठ अडकली तर कळप निघून जातो. आणि लवकर काढली तर वाटेतली शेळी, मेंढी, कुत्रं, जे आधी दिसेल त्यावर चित्ता जातो. मेंढपाळाला भरपाई द्यावी लागे ती याच चुकीपायी.

माळरान

@दप्तरखाना, सुंदर तपशील. पळीची सवय लावण्याच्या काळाबद्दल, म्हणजे शिकवणुकीबद्दल कुणी सविस्तर लिहील का?

मोडीवाचक

ऐनमध्ये आकडे आहेत: पूर्वी तीन महिने, फार मेहनत केली तर दोन, आणि अकबराच्या देखरेखीखाली १८ दिवस. दरबारी ग्रंथ असल्याने बादशहाचं कौतुक वजा करून १८ दिवस वाचावेत. तरीही महिन्यांच्या हिशेबाचं हे काम होतं, वर्षांचं नव्हतं, हे लक्षात घ्या.

दप्तरखाना

क्रम असा. नव्याने धरलेला चित्ता डोळे झाकून, कमरेतून दोन बाजूंना ताणलेल्या दोऱ्यांनी बांधायचा, म्हणजे तो कुठल्याच माणसापर्यंत पोहोचत नाही आणि स्वतःला इजा करून घेत नाही. त्याला झोपू द्यायचं नाही. दिवसरात्र पाळीपाळीने माणसं शेजारी बसून बोलत राहतात, बायका-मुलंसुद्धा. आवाजाला दचकणं थांबलं की पळीतून भरवणं. मग टोपी थोडी वर करून एका डोळ्याने बघू देणं. मग बाजारातून फेरी, रोज, गर्दीच्या वेळी. गर्दीत शेपटी आपटणं बंद झालं की खाटेवर, मग छकड्यात. शेवटी माळावर, आधी बांधलेल्या, मग सोडलेल्या हरणावर.

बाजारफेरी चुकवली तर काय होतं? माळावर शिकारीला पाहुणे, घोडे, हाकाटी असते. गर्दी न बघितलेला चित्ता सोडल्यावर कळपाकडे न जाता जवळच्या झुडपात शिरतो आणि बाहेर येत नाही.

गवतफुला

हे वाचून अंगावर काटा आला. जागं ठेवून मोडणं याला शिकवणूक कसं म्हणायचं? 'चित्ता कुत्र्यासारखा माणसाळतो' असं वर्षानुवर्षं ऐकत आलो, त्यामागे हे आहे हे कुणी सांगत नाही.

रानपशू

गवतफुला ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. चित्ता इतर मोठ्या मांजरांच्या मानाने माणसावर क्वचितच हल्ला करतो, मांजरासारखा घुरघुरतो, पक्ष्यासारखी चिवचिव करतो, डरकाळी त्याला येतच नाही. त्याचा हा स्वभाव आहे म्हणूनच झोप मोडून, अंधारात ठेवून काही आठवड्यांत त्याला वाकवणं शक्य झालं. आजच्या पशुवैद्यकाच्या दृष्टीने हा सरळ छळ आहे आणि त्याचे परिणाम आपण अजून बोललो नाही त्या एका ठिकाणी दिसतात. माळरान यांचा तिसरा प्रश्न तोच आहे.

फास

तिसऱ्या प्रश्नाच्या आधी, चित्ता आणत कोण होतं ते सांगतो, कारण प्रत्येक वेळी हेच लोक वगळले जातात.

चित्ता पकडायचं काम पारध्यांचं. चित्त्याची ठरलेली झाडं असतात, माळावरचं एकटं, थोडं कललेलं झाड. नर तिथे पुन्हा पुन्हा येतात, खोड ओरबाडतात, मूत्र टाकतात, एकमेकांचा वास घेतात. जमिनीवरची विष्ठा, खोडावरचे ताजे ओरखडे आणि गवतातली पायवाट बघून झाड 'चालू' आहे की सोडलेलं, हे पारधी ओळखायचा. मग झाडाभोवती हरणाच्या आतड्या-स्नायूंच्या वळलेल्या तातीचे फास. तात का? ती ओलसर हवेत मऊ राहते, चकाकत नाही, तिला हरणाचाच वास येतो आणि पाय अडकल्यावर दोरासारखी कातडीत कापत जात नाही. पाय कापला गेलेला चित्ता कुणी विकत घेत नाही. अडकला की कांबळं टाकून त्याला दाबायचं, डोळे झाकायचे, चारी पाय बांधायचे.

या माणसांना माळ जसा कळत होता तसा त्यांच्या मालकांना कधीच कळला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने याच माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवायची वाट मोकळी झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली या लोकांना रोज सरकारी हजेरी द्यायला लावायची पद्धत बंद केली, हे याच संदर्भात आठवायला हवं.

मोडीवाचक

@फास, झाडाखालच्या फासांची नोंद ऐनमध्येही आहे, 'झाडाला अंग घासायला येतो आणि अडकतो' अशी.

दुसरी रीत खड्ड्याची, त्याला ओदी म्हणत. खोल खड्डा, वर गवत. त्यात दोन दोष: पडून पाय मोडायचे, नाही तर चित्ता उडी मारून बाहेर यायचा. आणि एका खड्ड्यात एकच सापडायचा. अकबराने खड्ड्याची खोली दोन-तीन गजांवर आणली आणि चित्ता पडताच मिटणारं झाकण बसवलं. एकदा अशा एका खड्ड्यात सात चित्ते सापडल्याची नोंद आहे. हिवाळ्यात माजावर आलेली एक मादी पुढे चालली होती आणि सहा नर तिच्या मागे होते. सातही आत.

माळरान

सहा नर एका मादीमागे! हे पहिल्यांदाच वाचतोय. ही ओळ धाग्यात वर यायला हवी.

जुनी_शिळा

थोडं विषयांतर, पण उपयोगी. मद्रासचे माजी गव्हर्नर पिगट यांनी विलायतेला नेलेला चित्ता १७६४ साली विंडसरच्या उद्यानात जाळी लावून तिथल्या मोठ्या नर हरणावर सोडला गेला. हरणाने शिंगं रोखून त्याला पुन्हा पुन्हा परतवलं. शेवटी चित्ता जाळीबाहेर पडला आणि त्याने जवळच्या रानातलं दुसरं, लहान जातीचं हरीण मारलं. जॉर्ज स्टब्सच्या तैलचित्रात हा चित्ता दिसतो: डोक्यावर मागे सरकवलेली लाल टोपी, कमरेला लाल पट्टा, पांढऱ्या कपड्यातला हिंदुस्थानी माणूस पट्टा धरून. धाग्यात वर्णन केलेलं सामान डोळ्यांनी बघायचं असेल तर ते चित्र बघा. आणि प्रयोग का फसला ते वर आलेलंच आहे: माळ नाही, गाडी नाही, गर्दी भोवती, आणि चित्त्याच्या कुवतीपेक्षा जड जनावर.

दप्तरखाना

आता फसलेल्या धावेबद्दल, कारण पुस्तकी वर्णनात ते नेहमी गाळलं जातं. चित्ता चुकला की बसतो. त्याला लगेच उचलायचं नाही. श्वास खाली येईपर्यंत चित्तेवान थोड्या अंतरावर बसून राहतो, मग पळी दाखवत जवळ जातो. पळीत मांसाचा लहान तुकडा असायलाच हवा, मोठा नको. रिकामी पळी दाखवली तर पुढच्या वेळी पळीवरचा विश्वास गेला, मोठा तुकडा दिला तर त्या दिवसाचं काम संपलं. त्याच कळपावर दुसरी धाव कधीही नाही, तो कळप आता गाडीलाही बिथरतो. दिवसाला तीन-चार धावा म्हणजे खूप झालं.

रानपशू

आता तिसरा प्रश्न. मोठाच चित्ता का?

पिल्लं आईजवळ साधारण दीड वर्ष राहतात. आई त्यांच्यासमोर जिवंत पाडस सोडते, ती चुकतात, पुन्हा धरतात. कुठून दबा धरायचा, वारा कुठला, किती अंतरावर उठायचं, कुठलं हरीण सोडून द्यायचं हे सगळं त्या दीड वर्षात येतं. माणसाच्या हाती वाढलेलं पिल्लू लाडकं होतं, गाडीत बसतं, टोपी घालून घेतं, आणि माळावर सोडल्यावर कळपाच्या मध्यात उभ्या उभ्या पळत जातं. काळवीट त्याला दोनशे मीटरवरूनच बघतं. चित्तेवान चित्त्याला शिकार शिकवत नव्हता. शिकार आईने शिकवलेली असायची, चित्तेवान फक्त परत यायला शिकवायचा.

याचा अर्थ चित्तेखान्यातला प्रत्येक चित्ता रानातून काढलेला, वयात आलेला, म्हणजे पिल्लं देऊ शकणारा चित्ता. आणि बंदिवासात ते वीत नसत. एक मेला की रानातून दुसरा. शेकडो वर्षं माळावरून फक्त उचल होत राहिली. कुरणं नांगराखाली गेली, काळवीट घटलं, बंदुका आल्या, ही कारणं आहेतच. पण चित्तेखान्यांचा वाटा त्यांच्या आधीपासूनचा आहे.

जुनी_शिळा

म्हणूनच तर इथले चित्ते मिळेनासे झाल्यावर कोल्हापूर आणि भावनगरने आफ्रिकेतून आणायला सुरुवात केली. १९१८ ते १९४५ या काळात साधारण दोनशे चित्ते आयात झाले. कोल्हापुरात चित्तेवान हे आडनाव त्या कामाची खूण म्हणून राहिलं आहे. इथला शेवटचा ठाम पुरावा १९४७ चा, आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या राजाने मारलेले तीन नर. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. आशियाई चित्ता आज फक्त इराणमध्ये उरला आहे. काळवीट मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे वाचलं. नगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किमी आहे, पण तिथे कळप बघायला मिळतात.

गवतफुला

बंदिवासात वीत नसत याचं कारण काय? अकबराकडे हजार चित्ते होते असं वाचलंय. हजारात एकही जोडी जमू नये?

मोडीवाचक

गवतफुला ताई, जहांगीरने हेच तुझुकमध्ये, म्हणजे आपल्या आत्मचरित्रात, लिहून ठेवलं आहे. त्याच्या वडिलांनी हजार चित्ते जमवले, त्यांची जोडी लागावी अशी फार इच्छा होती, नर-मादी बागेतही सोडून बघितले, जमलं नाही. नंतर जहांगीरच्याच काळात, १६१३ च्या सुमारास, एका नराने गळपट्टा निसटवला, तो स्वतःहून एका मादीकडे गेला, आणि अडीच महिन्यांनी तीन पिल्लं झाली. ती जगलीही.

रानपशू

गाभणकाळ तीन महिन्यांचा धरतात, तेवढा फरक सोडला तर नोंद अगदी पटणारी आहे.

कारणही याच दोन नोंदींत आहे. मादी एकटी राहते, नर दोन-तीनच्या टोळीत. रोज नजरेसमोर बांधलेला एकच नर असेल तर मादी माजावरच येत नाही. तिला नर अनोळखी हवा, एकापेक्षा जास्त हवेत, आणि ती पुढे व ते मागे असा पाठलाग हवा. ऐनमधल्या खड्ड्यातली मादी आणि सहा नर म्हणजे नेमकं हेच. ती नोंद करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर होती, पण तिच्याकडे सापळ्याचं यश म्हणून बघितलं गेलं. बागेत जोड्या सोडल्या त्या एक नर, एक मादी अशा, ठरवून दिलेल्या.

जहांगीरच्या त्या तीन पिल्लांनंतर बंदिवासात चित्ता व्याल्याची पुढची खात्रीची नोंद १९५६ ची आहे, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. मधल्या साडेतीनशे वर्षांत जेवढे चित्ते छकड्यांवर बसले, ते सगळे कुठल्या ना कुठल्या झाडाखालच्या फासातून किंवा खड्ड्यातून आलेले.

फास

आणि ज्या झाडाला एकदा फास लागला, तिथला नर गेला की ते झाड काही काळ 'थंड' पडतं. हे पारध्यांना माहीत होतं, म्हणून ते दर हंगामाला झाड बदलायचे. मागणी वाढल्यावर बदलायला झाडं उरली नाहीत.